वाचकांचे प्रश्न : लॉख नेसच्या काठावरून मुंबईच्या न्यायासनावर

गेल्या अंकात मुंबईच्या एशियाटिक सोसायटीवर छोटे टिपण होते. सोसायटीचे संस्थापक आणि मुंबईच्या रेकॉर्डर कोर्टाचे न्यायाधीश सर जेम्स मॅकिन्टॉश यांचा उल्लेख त्यात एका ओळीत उरकला होता, आणि वाचकांची बहुतेक पत्रे नेमकी त्याच ओळीबद्दल आली. ती विषयवार एकत्र करून उत्तरे देत आहोत.

प्रश्न (सातारा) : मॅकिन्टॉश खेड्यातल्या गरीब शेतकऱ्याचे पोर होते, असे एका भाषणात ऐकले. हे खरे का?

खेड्यातले होते, हे खरे. शेतकऱ्याचे पोर म्हणणे बरोबर नाही. त्यांचा जन्म २४ ऑक्टोबर १७६५ रोजी स्कॉटलंडच्या उत्तर डोंगराळ भागात लॉख नेस सरोवराच्या काठी ऑल्डौरी इथे झाला. इन्व्हर्नेस हे जवळचे शहर तिथून सात मैलांवर. वडील सैन्यात अधिकारी होते आणि किलाखी नावाची छोटी वडिलोपार्जित जमीन घराण्याकडे होती. पण उत्पन्न बेताचे आणि डोक्यावर कर्ज. आपल्याकडच्या एखाद्या पडझड झालेल्या इनामदार घराण्याशी तुलना केली तर चित्र लवकर लक्षात येईल : नाव मोठे, हातात रोकड नाही. वडील पलटणीबरोबर परमुलखात असत, त्यामुळे मुलगा आई आणि आजीजवळ एका लहानशा घरात वाढला. आई पुढे जिब्राल्टरला वडिलांकडे गेली आणि १७७९ मध्ये तिथेच वारली. मुलगा तेव्हा अवघा तेरा-चौदा वर्षांचा होता.

भाषणातला गैरसमज कुठून येतो, तेही सांगायला हवे. त्या काळातले अनेक स्कॉटिश विद्वान खरोखरच गरीब घरांतून आले होते आणि त्यामागे एक कायदा होता. १६९६ च्या कायद्याने प्रत्येक पॅरिशमध्ये, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या गावागटात, शाळा आणि पगारी मास्तर ठेवणे तिथल्या जमीनमालकांवर बंधनकारक केले. मास्तरचा वार्षिक पगार कमीत कमी १०० आणि जास्तीत जास्त २०० मर्क ठरला. मर्क म्हणजे स्कॉटिश चलनातले १३ शिलिंग ४ पेन्स. स्कॉटिश पौंडाची किंमत इंग्लिश पौंडाच्या बाराव्या हिश्शाइतकी होती. हिशेब केला तर १०० मर्क म्हणजे साधारण साडेपाच इंग्लिश पौंड होतात, म्हणजे पगार तुटपुंजाच. पुस्तकांत हा आकडा वाचताना मर्कला इंग्लिश पौंड समजण्याची चूक बरेच जण करतात. मग मास्तर श्रीमंत वाटू लागतो आणि सगळा अर्थच उलटतो. एवढ्याशा पगारावर लॅटिन जाणणारा माणूस खेड्यात टिकत होता, म्हणून तिथला मुलगा पुढे विद्यापीठापर्यंत पोचू शकत होता.

मॅकिन्टॉश यांना दहाव्या वर्षी, १७७५ मध्ये, समुद्रकाठच्या फोर्टरोज गावी शाळेत ठेवले. तिथून १७८० मध्ये ते अबर्डीनच्या किंग्ज कॉलेजात गेले. पंधराव्या वर्षी कॉलेजात जाणे त्या काळच्या स्कॉटलंडमध्ये अगदी नेहमीचे होते, त्यात अचाट असे काही नाही.

प्रश्न (लातूर) : मी कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मॅकिन्टॉश आधी डॉक्टर झाले असे वाचले. मग वकिलीकडे कसे वळले?

त्यांचा ओढा आधीपासूनच वकिलीकडे होता. पैसे नव्हते, म्हणून १७८४ मध्ये ते एडिंबराला वैद्यक शिकायला गेले आणि १७८७ मध्ये स्नायूंच्या हालचालीवर लॅटिन प्रबंध लिहून पदवीधर झाले. पण तिथेही त्यांचा बराच वेळ वादसभांमध्ये गेला. १७८८ मध्ये ते लंडनला पोचले, त्याच वर्षी वडील वारले आणि पुढच्या वर्षी त्यांनी लग्न केले. दवाखाना काही चालला नाही. घर वर्तमानपत्री लिखाणावर चालू लागले. एका पत्राने लिखाणाच्या लांबीवर मोबदला ठरवला होता. मॅकिन्टॉश यांनी एका आठवड्यात १० गिनी कमावल्या, तेव्हा मालकाने घाईने ठरावीक पगार बांधून दिला.

१७९१ मध्ये त्यांचे 'व्हिंडिकिए गॅलिके' हे फ्रेंच राज्यक्रांतीच्या समर्थनाचे पुस्तक निघाले. ब्रिटिश खासदार आणि विचारवंत एडमंड बर्क यांनी क्रांतीवर केलेल्या टीकेला ते उत्तर होते. पुस्तक गाजले, नाव झाले आणि मग वकिलीचा रस्ता मोकळा झाला. लिंकन्स इन या वकिलांच्या संस्थेत नाव घालून १७९५ मध्ये ते बॅरिस्टर झाले.

इथे तुमच्यासाठी एक मुद्दा. मॅकिन्टॉश स्कॉटिश असले तरी त्यांची सनद इंग्लिश कायद्याची होती. १७०७ मध्ये दोन्ही राज्ये एक झाली, तरी स्कॉटलंडने आपला कायदा आणि आपली कोर्टे वेगळी राखली. त्या कायद्याची मुळे रोमन कायद्यात खोल गेलेली आहेत. एडिंबराच्या वकिलाला लंडनमध्ये, किंवा लंडनच्या वकिलाला एडिंबरामध्ये, आपोआप उभे राहता येत नसे. म्हणून 'स्कॉटिश कायद्याचे पंडित' असे त्यांचे वर्णन कुठे आढळले तर ते दुरुस्त करून वाचा. ते कायद्याचे स्कॉटिश पंडित होते. दोन्हींत फरक आहे.

प्रश्न (पुणे) : त्यांची विद्वत्ता नेमकी कशात होती? नुसती वक्तृत्वाची ख्याती होती का?

वक्तृत्वाची ख्याती होतीच. पण १७९९ च्या फेब्रुवारी ते जून या काळात लिंकन्स इनच्या सभागृहात त्यांनी दिलेली ३९ व्याख्याने ही खरी कसोटी होती. विषय होता नैसर्गिक कायदा, म्हणजे मनुष्यस्वभावातून आणि विवेकातून निघणारे न्यायाचे नियम, आणि राष्ट्राराष्ट्रांचा कायदा. सभागृह द्यायला संस्थेतल्या काही ज्येष्ठांचा आधी विरोध होता, कारण फ्रेंच क्रांतीची बाजू घेणारा माणूस तरुण वकिलांना काय शिकवील, अशी त्यांना धास्ती होती. तो संशय दूर व्हावा म्हणून मॅकिन्टॉश यांनी प्रास्ताविक व्याख्यान आधीच छापून वाटले. आज उपलब्ध आहे ते हे प्रास्ताविकच.

त्याची मांडणी लक्षपूर्वक पाहा. आधी मनुष्यस्वभाव आणि नीतीची तत्त्वे. मग खाजगी कर्तव्ये, त्यांत मालमत्ता आणि विवाह या दोन संस्थांवर सगळा भर. त्यानंतर राजा-प्रजा संबंध आणि राज्यघटना, पुढे दिवाणी व फौजदारी कायदा आणि अगदी शेवटी युद्ध, तह, वकिलाती. ग्रोशियस आणि पुफेन्डॉर्फ या सतराव्या शतकातल्या कायदेपंडितांना ते मान देतात, पण त्यांच्या ग्रंथांत अवतरणांची गर्दी आणि शुष्क पद्धत असल्याचेही सांगतात. शंभर-दीडशे वर्षांत प्रवासवर्णनांतून आणि इतिहासातून जगातल्या इतर समाजांची जी माहिती जमा झाली, तिच्या आधारे हा विषय नव्याने मांडता येईल, हा त्यांचा मूळ दावा. भारत, चीन आणि पश्चिम आशियातल्या रीतिरिवाजांचा अभ्यास कायद्याच्या शास्त्रात यायला हवा, हे मुंबईचे नाव कानावरही नसताना त्यांनी म्हटले होते.

दुर्दैव असे की पूर्ण व्याख्याने ग्रंथरूपाने कधीच आली नाहीत. मॅकिन्टॉश यांचा हा मोठाच दोष : आराखडा भव्य, वाचन अफाट, पण लिखाण पुढे ढकललेले. त्यांच्या थोरवीचा अंदाज छापील पानांच्या संख्येवरून करायला गेलात तर हाती फारसे काही लागणार नाही.

प्रश्न (मुंबई) : 'रेकॉर्डर' म्हणजे दप्तर सांभाळणारा कारकून का? मुंबईत त्यांचे कोर्ट कुठे होते?

नाही. रेकॉर्डर म्हणजे न्यायाधीश. जुन्या कागदपत्रांची भाषांतरे करणारे या शब्दाला हमखास फसतात आणि 'अभिलेखपाल' लिहून मोकळे होतात. तसे करू नका, 'रेकॉर्डर' असाच ठेवा.

१७९८ च्या सनदेने मुंबईत रेकॉर्डरचे कोर्ट स्थापन झाले. जुन्या मेयर कोर्टात व्यापारीच न्याय करायला बसत, कायदा शिकलेला कोणी नसे. नव्या रचनेत मेयर आणि तीन आल्डरमन, म्हणजे नगरसभेचे ज्येष्ठ सदस्य, राहिले, पण प्रमुखपदी इंग्लंडहून आलेला बॅरिस्टर बसू लागला. अधिकार मुंबई बेटाच्या रहिवाशांवर आणि मुंबई सरकारच्या मुलखातल्या ब्रिटिश प्रजाजनांवर. पुण्याला त्या वेळी पेशवाई होती, तिथे या कोर्टाचे काही चालत नसे. वारसा आणि करार यांच्या दाव्यांत दोन्ही पक्ष हिंदू असतील तर हिंदूंचा कायदा आणि मुसलमान असतील तर त्यांचा कायदा लावायचा, असे बंधन होते. १८२४ मध्ये या कोर्टाची जागा सुप्रीम कोर्टाने आणि १८६२ मध्ये हायकोर्टाने घेतली.

फोर्टमध्ये लायन गेटच्या समोर जी जुनी ग्रेट वेस्टर्न बिल्डिंग आहे, तिथे हे कोर्ट भरे. मॅकिन्टॉश २६ मे १८०४ रोजी पत्नी आणि पाच मुलींसह मुंबईत उतरले. गव्हर्नर जोनाथन डंकन यांनी आपला परळचा बंगला त्यांना राहायला दिला. तीच वास्तू आज हाफकिन संस्था म्हणून आपण ओळखतो.

प्रश्न (नागपूर) : मॅकिन्टॉश यांच्या काळात मुंबईत सात वर्षे एकही फाशी झाली नाही, हे खरे आहे का? आणि त्यामुळे गुन्हे वाढले नाहीत हे कशावरून?

या सदराला आलेल्या प्रश्नांत हा सर्वांत महत्त्वाचा आहे. मॅकिन्टॉश यांनी २० जुलै १८११ रोजी मुंबईच्या ग्रँड ज्युरीपुढे निरोपाचे भाषण केले, त्यात त्यांनी स्वतःच याचा हिशेब दिला. ग्रँड ज्युरी म्हणजे खटला चालवण्याजोगा पुरावा आहे की नाही हे ठरवणारे पंच. सत्राच्या आरंभी न्यायाधीश त्यांना उद्देशून बोलत असे.

त्यांनी कोर्टाची जुनी दप्तरे काढून दोन सात-सात वर्षांचे कालखंड शेजारी ठेवले. मे १७५६ ते मे १७६३ : देहान्ताच्या शिक्षेस पात्र अशा गुन्ह्यांत दोषी ठरलेले १४१, प्रत्यक्ष फाशी ४७. वर्षाला सरासरी दोषी सुमारे २०, फाशी जवळपास ७. मे १८०४ ते मे १८११ : दोषी १०९, फाशी शून्य. वर्षाला सरासरी १५ ते १६ दोषी. पन्नास वर्षांत बेटाची लोकसंख्या दुपटीहून पुष्कळ वाढली होती. गुन्ह्यांचे प्रमाण पूर्वीइतकेच राहिले असते, तर दरवर्षी सुमारे ४० जण दोषी ठरायला हवे होते. ठरले त्याच्या निम्म्याहूनही कमी. खुनांचे प्रमाण पाहिले तर जुन्या काळात नव्याच्या जवळपास तिप्पट. दोन लाख माणसांचा कारभार सात वर्षे देहदंडाशिवाय चालला आणि गुन्हे वाढले नाहीत, हे त्यांनी ज्युरीपुढे ठेवलेले निष्कर्षवाक्य.

आता या आकड्यांचा उपयोग कसा करायचा आणि कसा करायचा नाही. पहिली गोष्ट, हे दोषसिद्धीचे आकडे आहेत, घडलेल्या गुन्ह्यांचे नाहीत. न पकडलेला चोर त्यांत येत नाही. दुसरी, लोकसंख्येचे आकडे तेव्हा अदमासानेच घेतलेले, आजच्यासारखी जनगणना नव्हती. तिसरी आणि सर्वांत जास्त विसरली जाणारी : 'देहान्ताच्या शिक्षेस पात्र' या वर्गात खून हा थोडासा भाग. बाकी बहुतेक चोऱ्या आणि घरफोड्या, कारण इंग्लिश कायद्यात त्या काळी शेकडो गुन्ह्यांना मृत्युदंड लिहिलेला होता. तेव्हा १०९ खुनी सोडून दिले असा अर्थ कोणी काढला, तर तो साफ चुकीचा. या लोकांना शिक्षा झाल्याच, फक्त जीव घेतला गेला नाही.

मॅकिन्टॉश स्वतः या मर्यादा जाणून होते, म्हणून ते या सात वर्षांना 'छोटासा प्रयोग' एवढेच म्हणतात. मात्र जुना कालखंड निवडताना त्यांनी तपासण्याजोगी दप्तरे पाहिली, दोन्हींकडे तेवढीच वर्षे घेतली आणि लोकसंख्येची वाढ हिशेबात धरली. १८११ साली एखाद्या न्यायाधीशाने शिक्षेचा परिणाम अशा रीतीने आकड्यांवर तपासणे हे फार पुढचे पाऊल होते. आमच्या मते मॅकिन्टॉश यांचे सर्वांत टिकाऊ कायदेविषयक काम हेच, आणि ते पुस्तकात नव्हे, मुंबईच्या कोर्टात झाले.

एक घटना जोडतो, म्हणजे हा सौम्यपणा भित्रेपणा नव्हता हे कळेल. दोन तरुण अधिकाऱ्यांना दोन डच माणसांच्या खुनाचा कट केल्याबद्दल दोषी ठरवले होते. न्यायासनावरच मॅकिन्टॉश यांना गोळी घालायचा त्यांचा बेत होता, हे शिक्षा सुनावण्याआधीच त्यांच्या कानावर आले. तरी ठरवलेल्या शिक्षेत त्यांनी एका दिवसाचीही वाढ केली नाही. स्वतःवरच्या हल्ल्याचा राग निकालात मिसळू द्यायचा नाही, ही त्यांची भूमिका.

प्रश्न (ठाणे) : इथल्या लोकांशी त्यांचा काही संबंध होता का?

संबंध फार खोल नव्हता. १८०५ च्या अखेरीस ते पुण्याला गेले, दुसऱ्या बाजीरावांची भेट घेतली. २६ नोव्हेंबर १८०४ रोजी परळच्या बंगल्यात त्यांनी स्थापन केलेली लिटररी सोसायटी मात्र आजही आहे. पुढे तीच रॉयल एशियाटिक सोसायटीची मुंबई शाखा झाली, आणि हॉर्निमन सर्कलसमोरच्या टाउन हॉलमध्ये आज आपण एशियाटिक म्हणतो ती हीच संस्था. १८०६ मध्ये त्यांनी सोसायटीपुढे भारतातल्या भाषांचा तुलनात्मक शब्दसंग्रह तयार करण्याची योजना मांडली : शब्दांची एकच यादी ठिकठिकाणच्या अधिकाऱ्यांकडे पाठवायची, त्यांनी स्थानिक भाषेतले प्रतिशब्द भरून परत पाठवायचे. यादी एकच असली तरच तुलना करता येते, हे तत्त्व अगदी बरोबर होते. योजना मात्र त्यांच्या हातून पुरी झाली नाही.

संस्था स्थापन झाली तेव्हा त्यात एकही भारतीय नव्हता आणि पुढे तीन दशकांहून अधिक काळ दार बंदच राहिले. १८४० मध्ये माणिकजी कर्सेटजी आत आले. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे शिलालेखांवरचे काम याच संस्थेतून पुढे आले. १८९२ मध्ये न्यायमूर्ती काशिनाथ त्रिंबक तेलंग तिचे पहिले भारतीय अध्यक्ष झाले. पहिला अध्यक्ष मुंबईचा न्यायाधीश, पहिला भारतीय अध्यक्षही मुंबईचाच न्यायाधीश, असा हा योग. भारतरत्न पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या अभ्यासालाही याच ग्रंथालयाचा आधार होता.

मॅकिन्टॉश यांच्याबरोबर १८०४ मध्ये विल्यम अर्स्किन हे दुसरे स्कॉटिश कायदेतज्ज्ञ आले होते, पुढे ते त्यांचे जावई झाले. घारापुरीच्या लेण्यांवरचा त्यांचा लेख सोसायटीच्या १८१९ च्या पहिल्या खंडात आहे. लेणी पाहायला जाणाऱ्याने तो आधी वाचावा.

प्रश्न (कोल्हापूर) : मुंबई सोडल्यावर पुढे काय झाले?

नोव्हेंबर १८११ मध्ये ते परत निघाले, प्रकृती खालावलेली होती. ईस्ट इंडिया कंपनीकडून त्यांना वर्षाला १२०० पौंड पेन्शन मिळाली. १८१३ पासून ते पार्लमेंटमध्ये होते आणि १८१८ ते १८२४ या काळात हेलीबरीच्या कॉलेजात कायद्याचे प्राध्यापक होते. कंपनीचे तरुण मुलकी अधिकारी भारतात येण्याआधी तिथेच शिकत. २ मार्च १८१९ रोजी फौजदारी कायद्याच्या चौकशीसाठी समिती नेमण्याचा त्यांचा ठराव सरकारचा विरोध असताना १९ मतांनी मंजूर झाला. १८२० मध्ये त्यांनी सहा विधेयके मांडली, तीन पार पडली. दुकानातून गुपचूप ५ शिलिंगांचा माल चोरला तरी फाशीची तरतूद होती, ती मर्यादा १५ पौंडांवर गेली. आज हे क्षुल्लक वाटेल, पण त्या एका आकड्याने कितीतरी माणसांच्या गळ्याचा फास सैल झाला. पुढे रॉबर्ट पील यांनी मंत्री म्हणून हे काम बरेच पुढे नेले.

१८३२ मध्ये जेवताना कोंबडीच्या हाडाची कपची घशात अडकून जखम झाली आणि त्या दुखण्यातून ते उठले नाहीत. ३० मे रोजी वारले. हॅम्पस्टेडला पुरले.

प्रश्न (लातूर, वरीलच विद्यार्थी) : वाचायला सुरुवात कुठून करू?

१८४६ च्या तीन खंडांच्या संकीर्ण लेखसंग्रहापासून. त्यातले मुंबईचे १८११ चे भाषण आधी वाचा, काही पानांतच आटोपते. मग १७९९ चे प्रास्ताविक. मुलाने संपादित केलेले १८३५ चे दोन खंडांचे चरित्र त्यानंतर घ्या. त्यात पत्रे आणि रोजनिश्या भरपूर आहेत, पण आधी तेच उघडले तर माणूस सापडतो आणि कायदा हरवतो. जुनी पुस्तके नेटवर शोधताना आडनावाची दोन्ही इंग्रजी स्पेलिंगे, 'के' अक्षरासह आणि त्याशिवाय, टाकून पाहा. मात्र रबरी रेनकोटवाले चार्ल्स मॅकिन्टॉश हे वेगळे गृहस्थ, तेही स्कॉटिशच आणि त्याच काळातले. शोधात त्यांची पाने भसाभस वर येतील, ती बाजूला सारा.